सगळ्यांचा डावा कान

—नाही, बसा ना चिटणीससाहेब, उभ्या उभ्या तक्रार सांगितली की अर्धीच पोचते. त्या स्टुलावर नको, तिथे मुख्याध्यापक वाळताहेत. खोक्यावर बसा. हां. तर काय म्हणत होतात—यंदाच्या सगळ्या मुखवट्यांचा डावा कान एकसारखा आहे? अरे वा! वीस वर्षं मंडळ माझ्याकडून गेलेल्या माणसांचे कागदी मुखवटे करून घेतंय, वीस वर्षं घरोघरचे लोक ते डोक्यावर घेऊन वाजतगाजत मिरवताहेत, आणि आज कोणाला तरी कान दिसला. कोण ते? न्हाव्याची बायको? वाटलंच मला. नवरा जन्मभर टकला—आणि बाई मला सांगतात, केस जरा दाट लावा, कपाळावर एक बट येऊ द्या. म्हटलं, येऊ दे बाई, मेल्या म्हशीला मणभर दूध! नाक सरळ करून हवं, रंग उजळ हवा, केस दाट हवेत—एवढं सगळं खोटं चालतं, कान तेवढा खरा पाहिजे.

हे मुख्याध्यापकच बघा. हसरे करा, म्हणाला मुलगा. मी यांच्या हातची छडी खाल्लीय साहेब, मला यांचे दात ठाऊक नाहीत, कधी दाखवलेच नाहीत. केले हसरे. आठ दिवसांनी रस्त्यात जुने विद्यार्थी विचारतील, हे कोण?

कानाचं ना? सांगते. फोटो सगळे समोरून काढलेले, कान धड दिसत नाही. घरच्यांना विचारावं तर तोंडाला कुलूप—चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा कान कसा होता ते सांगता येत नाही. मग मी हाताला येतो तो लावते. वरची कड जराशी दुमडलेली, पाळी गालाला चिकटलेली. माझ्या थोरल्या लेकीचा आहे तो. मी हे काम शिकत होते तेव्हा ती इथेच, माझ्या उजव्या हाताला बसून अभ्यास करायची—लगदा हातात, आणि समोर तिचा डावा कान. त्याच्याकडे बघून शिकले. उजव्या कानांबद्दल तक्रार नाही ना अजून? येईल. ते तर मी अंदाजानेच करते.

हो, तीच. घर सोडून गेली त्याला नऊ वर्षं झाली. काय मोठं झालं होतं? काही नाही हो. भांडण. मी म्हटलं, आता गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. सगळ्या आया म्हणतात. मुली ऐकतात का कधी? माझीच तेवढी आज्ञाधारक निघाली.

ते काय काढलंत? करायच्या मुखवट्यांची यादी? दाखवा. हे शेवटचं नाव तर—थोरलीचं. आणि अक्षर आमच्या ह्यांचं आहे. कधी आले होते तुमच्याकडे? बरं. म्हणजे कानाचं नुसतं निमित्त होतं, होय? सरळ सांगायचं ना, खोक्यावर बसून इतका वेळ माझी बडबड कशाला ऐकलीत!

कळतं मला त्यांचं. एकदा मुखवटा मिरवला, पाण्यात सोडला, की त्या घरी कोणी काही विचारत नाही, रीतच आहे आपली. ह्यांना दुकानात रोज कोणीतरी विचारतं, लेकीचं काही कळलं का? कंटाळलेत ते. मीही चिडते विचारणाऱ्यांवर, परवा शेजारणीला फाडकन बोलले. पण साहेब, लोकांनी विचारायचं सोडलं तर माझी मुलगी मेलीच ना? कोणी पाहिलंय तिला मेलेली? ह्यांनी? तुम्ही? आणि तो मुखवटा करायचा कोणी—मी?

पेन आहे ना खिशात? खोडा. कचेरीत जाऊन नको, इथे, माझ्यासमोर. हां. अजून एक रेघ—नको, थांबा, इतकं गिरवू नका. नाव वाचता येऊ दे.

या आता. दार ओढून घ्या.