चंद्रीचा पान्हा

क्रूझचं नाव काढू नका माझ्यापुढं! हिवरे बाजारच्या दाजींना आणि ताईला घेऊन सिंगापूरला गेलो, जहाज सुटायच्या आदल्या दिवशी हॉटेलात उतरलो. सकाळी भर नाश्त्यात दाजी मोबाईलवर ओरडतायत, "चंद्रेऽऽ, सोड गं बाई!"

हॉटेलचा मॅनेजर धावत आला, नशिबानं मराठीच निघाला. मी सांगितलं, यांचा आवाज ऐकल्याशिवाय यांची म्हैस पान्हा सोडत नाही.

"पण समुद्रात रेंज नसते," तो म्हणाला.

दाजींनी बॅग खाली ठेवली. "मंग म्या न्हाई येत."

"अहो, आवाज रेकॉर्ड करून पाठवा," मी म्हणालो.

"तिला फसवू व्हय?"

शेवटी जहाजावर ताई आणि मीच गेलो. परत येतो तर मॅनेजर मोबाईलवर ओरडतोय, "चंद्रेऽऽ, सोड गं बाई!" शेजारी दाजी तोंड पाडून बसलेले.

"माझा घसा बसला म्हून याला वरडायला लावलं," दाजी म्हणाले, "तर बेइमान याला लिटरभर जास्त देतीय!"