ओपियसचा जव

ऱ्हाईनकाठच्या रोमन छावणीत विबियस धान्याच्या रांगेत उभा होता. लढाईत मागे हटलेल्यांना शिक्षा म्हणून गव्हाऐवजी घोड्यांचा जव मिळत होता. त्याच्यापुढे कुबडीवर रेललेला म्हातारा ओपियस कोठीवाल्याशी हुज्जत घालत होता.

“तुला गहू आहे, बाबा.”

“जवच घाला.”

“अरे, नायकसाहेबांचा हुकूम आहे! तू एकटाच जागचा हलला नाहीस म्हणे.”

“मांडीत भाला घुसल्यावर हलणार कसा? तंबूतल्या चौघांनी उचलून आणलं मला.”

“म्हणजे ते मागे हटलेच ना?”

“हटले की! मला पाठीवर घेऊन हटले. आमचं पाचांचं जातं एक, चूल एक. आता मुकाट जव घालता, की तुमचा गहू नेऊन घोड्यांपुढे ओतू?”