तीसचे वीस कुणी केले

लातूरच्या त्या कॅन्सरच्या दवाखान्यानं माझ्या बायकोला फसवलं. तीस शेक ठरले होते, त्यांनी वीस केले, एकेक शेक वाढवून दिला, आणि छातीतल्या गाठीबरोबर तिची चांगली अन्ननळी अन् चांगलं फुफ्फुस भाजून काढलं. हे तक्रारीत आधी लिहून घ्या. बाकीचं मागून सांगतो.

मी हदगाव तालुक्यातला. बाप लोकांची गुरं राखायचा, आमच्या स्वतःच्या दारात जनावराचं शेपूटबी नव्हतं. मी चौथीत शाळा सोडली आणि बैलांच्या बाजारात पडलो, आधी दलालांच्या मागं हिंडलो, मग स्वतः दलाली केली, मग व्यापार. दात बघून वय सांगतो, चाल बघून खोड सांगतो. ट्रॅक्टर आले, बाजार निम्मे झाले, तरी पोळ्याच्या आधीचा महिना-दीड महिना माझा असतो, त्यावर वर्ष निघतं. आणि मोलभाव, काय सांगू तुम्हाला, तो माझ्या अंगातच हाय. न्हाव्याकडं गेलो तरी मी पहिला आकडा कबूल करत नाही. जगात पहिला आकडा खरा नसतो, एवढंच मी शिकलो, आणि त्यावरच घर बांधलं, पोरगी शिकवली.

बायकोचं नाव सुभद्रा. बिडी नाही, तंबाखू नाही, साधी मिस्री नाही. मी बाजार करत हिंडलो आणि घरची जनावरं तिनं सांभाळली. तिला खोकला लागला, महिनाभर आम्ही घशाचं औषध घेत बसलो, मग थुंकीत रक्त आलं. पोरगी लातूरला क्लासमध्ये शिकवते, ती म्हणाली इकडं घेऊन या. तिथं तपासण्या झाल्या आणि कळलं की उजव्या फुफ्फुसात गाठ हाय, अन्ननळीला खेटून, कापता येणार नाही, सलाईनची औषधं आणि शेक असं दोन्ही द्यावं लागेल. शेक म्हणजे ती मशीनची किरणं, तिथं सगळे शेकच म्हणतात.

शेकाची डॉक्टर एक मॅडम होत्या, वयानं आमच्या पोरीएवढ्या. चांगल्या होत्या, हे मी आजबी म्हणतो. त्यांनी सुभद्राला टेबलावर झोपवून, हात डोक्यावर घ्यायला लावून फोटो काढले, मशीनच्या नेमासाठी खूण म्हणून छातीवर सुईनं तीन बारीक ठिपके गोंदले, आणि मला बोलावून पडद्यावर नकाशा दाखवला. ही गाठ, हे काळीज, ही अन्ननळी, हे चांगलं फुफ्फुस. किरणं कुठून सोडायची म्हणजे चांगल्या जागेला कमीत कमी लागतील, ते सगळं मोजून काढलेलं. तीस शेक, सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार सुट्टी. मी म्हणालो, सुट्टी कशाला, रविवारीबी द्या, लवकर उरकेल. त्या हसल्या. म्हणाल्या, काका, सुट्टी मशीनला नाही, काकूंच्या चांगल्या मांसाला हाय. रोज थोडा मार दिला की चांगलं मांस दुसऱ्या दिवसापर्यंत सावरतं, गाठीला तेवढं सावरता येत नाही, सगळी मेख त्या थोड्यामध्ये हाय.

आता हे मला कळलं नाही असं कसं म्हणू? बैलाचा खांदा जुवाखाली सोलपटला तर आपण काय करतो, दोन दिवस सोडतो, हळद-लोणी लावतो, मग जुंपतो. सोलपटलेल्या खांद्यावर सलग औत धरलं तर त्यात किडे पडतात. मला कळलं होतं. कळूनबी मी जे केलं ते ऐका.

पोळा तोंडावर होता. तीस शेक म्हणजे सहा आठवडे, म्हणजे माझा हंगाम पाण्यात. चार शेक झाले आणि मॅडम रजेवर गेल्या. ऑफिसात मॅनेजर बसायचा, तो निघाला आमच्याच तालुक्याचा, त्याचा चुलता बैलांचाच व्यापारी. मामा, मामा करायचा. मी त्याला म्हणालो, बाबू, तीस लई होतात, काहीतरी कमी कर. तो म्हणाला, मामा, इथंबी सौदा करून राहिलात का? आणि हसत हसत त्यानं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, टेबलावर टाकला आणि त्याच्याखाली हात घातला. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे बाजूच्याला कळू नये. मी दोन बोटं दाबली. वीस. त्यानं अडीच दाबलं, म्हणजे पंचवीस. मी पुन्हा दोन. तो म्हणाला, बघतो, आमच्याकडंबी मशीनला नंबर लागून राहिलेत.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, झालं मामा, वीसमध्ये बसवलं, रोजचा डोस जरा वाढेल, घाबरू नका.

मी जिंकलो. ऑटोत बसल्यावर सुभद्राला म्हणालो, दहा दिवस वाचवले तुझे. ती म्हणाली, माझे का तुमचे? मग बाहेर बघत म्हणाली, अहो, इथं तरी मोलभाव करायचा नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात तिला गिळता येईना. भाकरी सुटली, वरण-भात सुटला, मग पेज. साधं पाणी पिलं तरी विस्तव गिळल्यासारखं व्हायचं, घोट घ्यायच्या आधी ती डोळे मिटून घ्यायची. मशीनवरचा माणूस म्हणायचा, होतंच असं. वीस झाले, आम्ही घरी आलो, पोळा झाला, गिळणं जरा सुधारलं, आणि दिवाळीच्या सुमाराला तिला धाप लागायला लागली. न्हाणीतून खोलीत आली तरी भिंत धरायची.

नांदेडला दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं फाईल चाळली, पुन्हा चाळली. म्हणाला, फुफ्फुसाला शेकाची सूज आलीय. तीसचे वीस कुणी केले? मी म्हणालो, कमी शेक देतात की. तो म्हणाला, देतात, पण मग नकाशा नव्यानं करावा लागतो, अन्ननळी किती सोसेल, फुफ्फुस किती सोसेल, ते नव्यानं मोजावं लागतं, आणि सलाईनची औषधं चालू असताना तर दहादा विचार करतात. इथं नकाशा जुनाच हाय, फक्त आकडा बदललाय. खाली सही होती. कुणाची ते त्यालाबी वाचता येईना.

मी तसाच लातूरला गेलो. मॅनेजर म्हणाला, मामा, तुम्हीच तर मागितलं होतं.

हे ऐकून मी टेबलावर हात आपटला, त्याचा चहा सांडला. म्हणालो, अरे, मी मागणारच! मी अडाणी माणूस, मी यमाकडंबी दोन दिवस कमी-जास्त मागीन. माझ्याकडं गिऱ्हाईक येतं, म्हणतं हा गोऱ्हा द्या, उद्यापासून ओझं ओढायला जुंपतो. मी त्याला देतो का? मी म्हणतो, न्हाई, फुटंल तो, वर्षभर थांब. बैलांचा व्यापारी एवढं सांगतो आणि तुम्ही कोट घालून, मशीन लावून बसलेले, तुम्हाला न्हाई म्हणता आलं नाही? तो म्हणाला, सही डॉक्टरची हाय, मी साधा माणूस. मॅडमला गाठलं. त्यांनी कागद बघितला, त्यांचं तोंड उतरलं. म्हणाल्या, काका, ही सही माझी नाही, आल्यावर मी आकडा बघायला पाहिजे होता, पण तोवर काकूंचे शेक संपले होते. मी विचारलं, मग कुणाची? बाहेरून डॉक्टर येतात म्हणे, त्यातल्या एकाची असेल म्हणे. असेल!

आता सुभद्रा उशा लावून बसून झोपते. गोळ्यांनी तोंड सुजलंय. एक वाक्य बोलायचं तर मधे दोनदा थांबते. गाठ बारीक झालीय, डॉक्टर म्हणतात हे चांगलं हाय. चांगलं फुफ्फुस परत किती येईल ते कुणी सांगत नाही. दवाखान्याचा माणूस घरी आला होता, काही देऊन मिटवू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा आकडा ऐकूनसुद्धा घेतला नाही. ती म्हणते, जाऊ द्या. मी जाऊ देणार नाही.

वीस मी मागितले, हे मी तिच्या बाजेपाशी खाली बसून कबूल केलंय. ती माझ्याकडं बघत राहिली, ते मी सोसलं. आता ज्यानं दिले, नकाशा न बघता ज्यानं खाली सही ठोकली, त्यानं यावं. नाव सांगावं. त्याच बाजेपाशी बसावं आणि तिच्या डोळ्यात बघून सांगावं की, बाई, सही करताना मी काय मोजलं होतं.