तिचा पाय आणि माझा सिग्नल

...आणि वर मलाच विचारते, "अहो, तुम्ही मागे कसे राहिलात?" मागे कसे राहिलात! अगं, सिग्नल लाल होता! तुम्हाला सांगतो, परक्यानं केलं असतं तर एक अक्षर बोललो नसतो, पण सख्ख्या बायकोनं? आणि सिग्नल कुणी आणला? मी आणला!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, मग तुम्हीच न्याय करा. माझं शिवणकामाचं दुकान बरोब्बर चौकावर. इकडे दुकान, समोर बसस्टॉप, मध्ये रस्ता. दोन वर्षांपूर्वी आमची ही बस पकडायला धावली आणि एका मोटारसायकलवाल्यानं तिला उडवली. ब्रेकचा आवाज ऐकला आणि मी कात्री टाकून पळालो, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या... बघतो तर ही रस्त्यात बसलेली आणि पाय भलतीकडेच वळलेला! ऑपरेशन झालं, पायात सळई घातली, आणि मी ठरवलं, इथं सिग्नल आणला नाही तर नावाचा शिंपी नाही!

मग काय, ऑफिसात खेटे! एक साहेब म्हणतो, "हा रस्ता आमच्याकडे येत नाही." दुसरा म्हणतो, "रस्ता येतो, पण चौक येत नाही!" आता रस्ता तुमचा आणि चौक काय आकाशातून पडला? इकडे गिऱ्हाइकं बोंबलतायत, "मास्तर, पँट कधी देणार?" म्हटलं, पाय शाबूत राहिले तर पँट घालाल ना! पण शेवटी लागला बरं का सिग्नल. कुणी आणला? मी आणला!

आणि पाळतो कोण? मी एकटा! चालणाऱ्यांचा लाल दिवा लागला की कॉलेजची पोरं पळतात, पिशव्या सांभाळत आजीबाई पळतात, आणि मी आपला उभा. मीच तोडला तर लोक तोंडात शेण घालतील ना! समोर बस येते, माणसं घेते, निघून जाते... आणि मग माझा हिरवा लागतो! तो ड्रायव्हर तर असा आगाऊ, खिडकीतून हात काढून ओरडतो, "थांबा मास्तर, थांबा, सिग्नल तुमचाच आहे!"

तेही गिळलं. पण काल हिला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. घरात ही कशी, तर "अहो, तेवढं पाणी द्या ना, पाय उचलत नाही... अहो, पंखा लावा ना, पाय ठणकतोय." मी पाणी देतो, पंखा लावतो, परत बंदही मीच करतो. तर हिला हाताला धरून जपून जपून चौकात आणली. लाल दिवा. समोर बस आली. म्हटलं, "जाऊ दे, मागून दुसरी येईल." असं म्हणून वळतो तर माझ्या हातात नुसती हिची काठी! ही कुठाय? रस्त्याच्या मधोमध! पर्स काखेत मारून अशी सुसाट, आणि तिकडून टँकर... त्यानं करकचून ब्रेक मारला आणि मी डोळेच मिटले. डोळे उघडले तर ही बसच्या खिडकीत! हात हलवतेय! "अहो, या की!"

मी गेलो मागच्या बसनं. हिची काठी घेऊन. लोकांनी उठून मला जागा दिली!

दवाखान्यात पोचतो तर डॉक्टर खूश. "वा! काय ताकद आलीय पायात! कसला व्यायाम करता?" ही खाली मान घालून म्हणते, "कसला नाही हो, थोडंसं चालते." आणि डॉक्टर म्हणतो, "जे करताय ना, तेच रोज चालू ठेवा!"

येताना परत तोच चौक, परत लाल. मी हिचं मनगट गच्च धरलं. म्हटलं, "अगं, तुला काही झालं असतं तर मी काय करणार होतो? कुणासाठी आणला मी हा सिग्नल?" डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. म्हटलं, "बास! आता परत खेटे घालतो, पण इथं पूलच बांधून घेतो. खाली गाड्या, वर आपण, लाल नाही की हिरवा नाही!"

तर ही काय म्हणते?

"काहीतरीच काय! माझ्या या पायाला जिने झेपणार आहेत का?"