जिभेवर केस नसलेली पुतणी

खरं बोलावं, खरं बोलावं म्हणता ना? आमच्या कडावच्या घरात ते करून झालंय.

माझी पुतणी प्राजक्ता मोबाइलवर स्पॅनिश शिकते. एकदा जेवताना म्हणाली, "स्पॅनिशमध्ये तोंडावर स्पष्ट बोलणाऱ्याला म्हणतात, ह्याच्या जिभेवर केस नाहीत."

वहिनी म्हणाली, "शी! घास तरी गिळू दे गं."

त्याच आठवड्यात चौक गावचे पाहुणे तिला बघायला आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील रीतीप्रमाणे म्हणाले, "चार दिवसांत कळवतो."

ही पटकन म्हणाली, "काका, चार दिवस कशाला? मी आत्ताच सांगते. मला एवढ्यात लग्न नाय करायचं."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात मुलानं कप खाली ठेवला. "खरं सांगू? मला पण नाय करायचं. आईनं आणलं म्हणून आलो." आणि वर हिलाच विचारतो, "स्पॅनिश अवघड हाय का?"

दोघं हसत होती. बाकी सगळे रिकाम्या बश्यांकडं बघत होते.

शेवटी पाहुणे उठले. दारात चपला घालताना वडील माझ्या दादाला म्हणाले, "बरं मग, चार दिवसांत कळवतो."

दादा म्हणाला, "हो हो, सावकाश कळवा."

चौथ्या दिवशी खरंच फोन आला. "मुलगी छान हाय हो, पण पत्रिका जुळत नाय."

वहिनीनं फोन ठेवला आणि प्राजक्ताला म्हणाली, "बघ, ह्याला म्हणतात बोलायची रीत."

आम्ही त्यांना पत्रिका दिलीच नव्हती.