दुर्जयला माफी

छप्पन साली पिंपरीला एसटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी बोलत होत्या.

“कुसुमताई, काल मासिकातली शुक्रावरची गोष्ट वाचून दाखवलीत, त्यात त्यो दुर्जय विमानातून पडून मेला न्हवं?”

“मेला. सुटली शलाका.”

“खातूनबीच्या मालकांनी बी वाचली. ते म्हनत्यात, त्यो मरत न्हाई. रडतो, माफी मागतो, आन् पुढच्या महिन्यात दोघांचं लगीन हाय.”

“छापलंय तसंच.”

“मग तुमी खोटं वाचलं?”

“वर्षभर तिला कोंडून उपाशी मारलं त्यानं, सुभद्राबाई! आणि दोन आसवं गाळली की झाला देवमाणूस? लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातं!”

“गोष्टच हाय की, ताई.”

“असेल. पण ऐकायला तुमची हौसा बसली होती. हातावरचे डाग पदराखाली झाकून.”

“जावई सुधारलाय आता. पाया पडला माझ्या.”

“माझा नवराही पडला होता.”

“उद्या न्यायला येतोय तिला. आन् कालपासनं ही जायाला न्हाई म्हनती.”

“मग?”

“मग काय? संध्याकाळी घरी या, आन् तिला छापलंय तसं वाचून दाखवा.”