डॉकिंग स्टेशनचं माप

हसायचं तर हसा, पण मी लॅपटॉप ज्यावर बसवतात ते डॉकिंग स्टेशन ब्लाउजसारखं माप देऊन घेतलंय. ह्यांना वाढदिवसाला गुपचूप द्यायचं होतं. मॉडेलचा स्टिकर पुसलेला, ह्यांना विचारायची सोय नाही. मग लॅपटॉप उलटा केला, वर वर्तमानपत्र पसरून कडा आखल्या आणि जोडणीच्या खाचेपाशी कागदाला भोक पाडलं.

कॉलेज रोडचा कॉम्प्युटरवाला दुकानदार कागद बघून म्हणाला, "ताई, ब्लाउज शिवायचाय का?"

शेजारी खोकं घेऊन उभे असलेले टायवाले साहेब खो-खो हसले.

मी म्हटलं, "शिवू नका, तयारच द्या."

त्याने एकेका डॉकवर कागद ठेवून पाहिला. तिसऱ्यावर कडा जुळल्या, खाचही जुळली.

दुकानदार साहेबांकडे वळला. "साहेब, तुम्ही डॉक दुसऱ्यांदा बदलायला आलात ना? आता येताना कागद घेऊन या."